सेल्फ तिसऱ्यांदा बदलला, तेव्हा कुठे दुखणं सापडलं

वैशाखातली सकाळ, साडेपाचची वेळ. केळीच्या बागेत कटाईची माणसं येऊन थांबली होती. मी पिकअपमध्ये बसलो, चावी फिरवली आणि आतून एकच आवाज आला. टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. डॅशबोर्डचे दिवे लागले होते, हॉर्न नेहमीसारखा वाजत होता, हेडलाइट लावला तर समोरच्या निंबाचं पान न् पान दिसत होतं. इंजिन मात्र जागचं हललं नाही.

सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटार, बसवून पुरते तीन महिने झाले नव्हते. त्याच्या आधीचाही सहा महिन्यांत गेला होता.

गाडी 2009 ची, डिझेल. मी ती 2016 मध्ये दुसऱ्याकडून घेतली. चोपड्याहून यावलकडे जाताना अडावदच्या अलीकडे आमची शेती आहे. केळी मुख्य, थोडा कापूस. केळी भरायला येणारा दहा चाकी ट्रक बागेत शिरू शकत नाही, तो डांबरी रस्त्यावर उभा राहतो. बागेतून तिथपर्यंत घड पोचवायचं काम या पिकअपचं. कटाई एकदा सुरू झाली की मध्येच थांबवता येत नाही. कापलेले घड उन्हात पडून राहिले की मालाला चटका बसतो, आणि मग व्यापारी भाव तोडायला मोकळा. त्यामुळे सेल्फने दगा दिला की त्या दिवसाच्या कटाईवरच बेततं.

त्या सकाळी सहा जणांनी गाडी ढकलली. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून ठेवला, गाडीने वेग घेतला तसा क्लच सोडला, आणि इंजिन लागलं. मग दुपारी दोनपर्यंत मी ते बंदच केलं नाही. घड भरताना चालू, ट्रकजवळ उतरवताना चालू, माणसं भाकरी खायला बसली तरी चालू. चार तास नुसतं उभ्या उभ्या डिझेल जळालं असेल. मला डिझेलपेक्षा दुसरीच गोष्ट टोचत होती. दहा महिन्यांत या एकाच दुखण्यावर दोन सेल्फ आणि एक बॅटरी एवढा खर्च झाला होता आणि गाडी अजून धक्क्यावरच होती.

सुरुवात मागच्या आषाढात झाली. क्लच प्लेट गेली म्हणून एका गॅरेजवर गिअरबॉक्स उतरवला होता. काम चांगलं झालं, क्लच लोण्यासारखा मऊ झाला. पोळ्याच्या आसपास गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करायला लागली. इंजिन जड फिरायचं, घर्र… घर्र… असं, जणू उतारवयातला माणूस जिना चढतोय. मिस्त्री म्हणाला, सेल्फ जुना झाला, मूळचाच आहे, त्याचं आयुष्य संपलं. पटण्यासारखं होतं. रिकंडिशन केलेला सेल्फ 2,400 रुपयांत बसला. आठवडाभर बरं वाटलं. दिवाळीत पुन्हा तेच, म्हणून बॅटरी बदलली. महाशिवरात्रीच्या सुमारास दुसरा सेल्फ गेला, तिसरा आला. दर वेळी नवी वस्तू लागली की दुखणं थोडं दबायचं. त्यामुळे दर वेळी वाटायचं की बरोबर जागी हात पडला.

मधल्या काळात आणखी एक खर्च झाला होता. एक्सलेटरची वायर दोनदा बदलावी लागली. पायाला घट्ट लागायची, मग अडकायची. तिचा आणि सेल्फचा काही संबंध असेल असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

ट्रक गेल्यावर मी तशीच चालू गाडी घेऊन चोपड्याला गेलो. तिथे एक सेल्फ-डायनामोचं दुकान आहे. दुकानवाले नाना सत्तरीचे आहेत, चाळीस वर्षांपासून हेच काम करतात. आमच्या वडिलांच्या जीपचा डायनामोही त्यांनीच गुंडाळला होता. दुकानाला ना खड्डा ना रॅम्प. एक व्हाइस, एक जुनी बॅटरी, आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा गाभा, तपासायचं यंत्र, आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले सेल्फचे दातेरी बेंडिक्स. मी गेल्या गेल्या म्हणालो, नाना, या वेळी नवाकोरा सेल्फ टाकायचाय, पैशाचं बघू नका.

नानांनी गाडीकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, "घाई कसाले करस भाऊ? पह्यले माले सांग, तुनी एक्सलेटरनी वायर गरम व्हस का?"

मी गप्पच झालो. दोन वायरी बदलल्या हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्यांनी मला इंजिन बंद करायला लावलं, बॉनेट उघडलं आणि माझा हात धरून एक्सलेटरच्या वायरीवर ठेवला. दुकानातल्या पोराला म्हणाले, सेल्फ मार. टक् झालं. पुन्हा मार. चौथ्या-पाचव्या वेळी वायरीचं काळं आवरण बोटांना कोमट लागायला लागलं. सहाव्या वेळी मी हात काढून घेतला. इंजिनची ऊब वेगळी आणि ही वेगळी. ही त्या वायरीच्या आतून येत होती. पुढे टोकाशी वाकून पाहिलं तर आवरण वितळून तारेला चिकटलं होतं.

"सेल्फ चोर नही शे," नाना म्हणाले. "चोर दुसराच शे."

ते त्यांनी जसं समजावलं तसंच सांगतो, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण इथेच फसत असतील. बॅटरीचा करंट लाल जाड वायरीने सेल्फला जातो, हे सगळ्यांना दिसतं. तो परत कसा येतो हे कोणी पाहत नाही. सेल्फला वेगळी काळी वायर नसते. त्याचं अंगच अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, असतं. सेल्फ इंजिनला बोल्टने बसलेला, त्यामुळे करंट सेल्फच्या अंगातून इंजिनच्या लोखंडात उतरतो. पण इंजिन चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, थेट बसलेलं नसतं, ते रबरी माउंटिंगवर बसतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनपासून चेसिसपर्यंत एक जाड पट्टा लावलेला असतो. सेल्फ ओढतो तो दीडशे-दोनशे अँपिअरचा करंट त्या एका पट्ट्यावरून बॅटरीकडे परततो. तो पट्टा सडला तर करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनला आणि बॉडीला जोडणारी दुसरी धातूची वस्तू कोणती? एक्सलेटरची वायर. बोरूएवढी बारीक तार, तिच्यातून शंभर अँपिअर जायला बघतात. ती तापणारच.

हेडलाइट लख्ख का होते त्याचंही उत्तर मिळालं. दिव्यांचं अर्थिंग बॉडीला असतं, इंजिनला नसतं. बॅटरी उतरली असती तर सेल्फ मारताना दिवे पार मंदावले असते. माझे दिवे जेमतेम लवत होते. म्हणजे बॅटरी देत होती, सेल्फपर्यंत पोचत नव्हतं.

मग मीटर लावला. हे प्रत्येकाला घरी करता येतं, साधा मीटर तीनेकशे रुपयांत मिळतो. बॅटरीच्या दोन टोकांवर 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. पोराने चावी धरून ठेवली तेव्हा 11.9. बॅटरी खराब असती किंवा सेल्फ जाम होऊन अफाट करंट ओढत असता, तर हा आकडा नऊच्याही खाली गेला असता. नंतर नानांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीवर ठेवलं, वायरीच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर, आणि दुसरं इंजिनच्या एका उघड्या बोल्टवर. सेल्फ मारला. इथे खरं म्हणजे जवळपास काहीच दिसायला नको, फार तर 0.2 व्होल्ट. काटा चारच्या पुढे गेला. बारातले चार व्होल्ट परतीच्या वाटेतच मरत होते. लाल बाजूला तीच तपासणी केली तर 0.3, म्हणजे ती बाजू ठीक.

खात्रीसाठी त्यांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीला आणि दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला लावलं. "आते मार सेल्फ." इंजिन फिरलं. सुरूही झालं. पण फिरताना आतून घासल्याचा खरखरीत आवाज आला, आणि नानांनी मान हलवली. अर्थिंगने सेल्फलाही खाल्लं होतं.

अशा उपाशी सेल्फचं काय होतं ते नंतर उघडल्यावर दिसलं, पण आधी तो काढायचा होता. नाना गाडीखाली जात नाहीत आता, गुडघे ऐकत नाहीत. म्हणाले, काढून आण, पुढचं मी बघतो.

संध्याकाळी घरी, निंबाखाली, पुतण्याला टॉर्च धरायला घेऊन मी कामाला लागलो. पहिलं काम बॅटरीची वजा वायर सोडणं. आधी लाल सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना जागीच वेल्डिंग होऊन बसतो. वजा सुटलेली असली की पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलली आणि चेसिसखाली बाभळीचे दोन जाड ठोकळे ठेवून गाडी त्यांच्यावर उतरवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी कधीच शिरत नाही, घाई कितीही असो. आमच्या पट्ट्यातली माती भुसभुशीत, पाणी दिलेली असली तर जॅक हळूहळू एका बाजूला कलतो आणि ते डोळ्यांना कळतही नाही.

आमच्या गाडीला सेल्फ तीन बोल्टवर आहे, 17 चा पाना. खालचे दोन सहज सुटले. वरचा बोल्ट गिअरबॉक्सच्या वर, फायरवॉलच्या कुशीत. तिथे डोळा जात नाही, एका वेळी एकच हात जातो, आणि तो हात कोपरापर्यंत वाकवून. दोन एक्स्टेन्शन जोडले, मध्ये युनिव्हर्सल टाकला, पुतण्याने वरून सॉकेट बोल्टच्या डोक्यावर बसवलं आणि मी मागून रॅचेट मारला. हलेना. गंज सोडवायचं तेल मारून आम्ही जेवून घेतलं. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. परत आलो आणि एका हिसक्यात बोल्ट कट्कन सुटला. तो आवाज ऐकून पुतण्या केवढ्याने ओरडला. खरं सांगतो, मलाही तेवढाच आनंद झाला होता.

सेल्फच्या मागच्या जाड लाल वायरीचं नट 13 चं. तिच्याशेजारी चावीकडून येणारी बारीक वायर, ती नुसती दाबून बसवलेली असते. कोणती कुठे होती याचा फोटो काढून ठेवला. मग एक हात खालून लावून सेल्फ पुढे ओढला. जुन्या पद्धतीचा सेल्फ वजनाला चांगला भरतो, आडव्या पडलेल्या माणसाच्या छातीवर यायला वेळ लागत नाही. पुतण्याने बाजूने धरला म्हणून बरं.

आता खरा चोर शोधायचा होता. गिअरबॉक्सच्या बाजूला, चेसिसच्या आतल्या अंगाला तो पट्टा सापडला. वरून पाहिला तर धडधाकट. काळं आवरण शाबूत, दोन्ही टोकं बोल्टखाली. मी हलकेच पिळला तर आवरणाच्या आत काहीतरी चुरचुरलं. ब्लेडने चिरलं. आत तांब्याच्या तारा नव्हत्याच म्हणा, हिरवट कळक होती, पिठासारखी, बोटाला लागत होती. जेमतेम सात-आठ तारा जिवंत होत्या. चेसिसकडचा बोल्ट काढला तर त्याच्याखाली रंग. गिअरबॉक्स परत चढवताना कोणीतरी चेसिसला नवा काळा रंग मारला होता आणि पट्टा त्या रंगावरच आवळला होता. गाडी दिसायला चांगली व्हावी म्हणूनच मारला असेल. बाकीचं काम पोटॅशने केलं. केळीला पोटॅश भरपूर लागतं, पोती आम्ही याच गाडीत वाहतो, फाटलेल्या पोत्यातलं खत गाडी धुताना पाण्याबरोबर खाली उतरतं. ते क्षारच आहे. लोखंडाला खातं तसं तांब्यालाही.

दुसऱ्या दिवशी सेल्फ मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून चोपड्याला. नानांनी आधी तो न उघडताच पायाखाली दाबून धरला आणि बॅटरी जोडली. हा पाय महत्त्वाचा. सेल्फ मोकळा फिरताना एवढा झटका देतो की टेबलावरून खाली येतो. मोकळा तो फिरला, जोरातही फिरला. म्हणून नुसतं टेबलावर फिरवून सेल्फ चांगला आहे असं ठरवता येत नाही, इंजिनचं ओझं आल्यावरच त्याची परीक्षा होते. डिझेल इंजिनमध्ये हवा पंधरा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबाविरुद्ध फिरवायचं असतं.

मग सोलेनॉइड उघडलं. सोलेनॉइडचं काम दुहेरी असतं. चावी फिरली की ते लोखंडी दांडा आत ओढतं. त्या दांड्याने एका बाजूला बेंडिक्सचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दातेरी रिंगमध्ये अडकतं, आणि दुसऱ्या बाजूला तांब्याची चकती दोन जाड तांब्याच्या बोल्टांवर आदळते. तो आपल्याला ऐकू येणारा टक्. चकती बसली की बॅटरीचा पूर्ण करंट मोटारीत जातो. अर्थिंग कमजोर असलं की सोलेनॉइडची ओढही कमजोर पडते. चकती घट्ट बसत नाही, थरथरते, आणि प्रत्येक थरथरीला ठिणगी उडते. नानांनी चकती माझ्या तळहातावर ठेवली. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि तिच्या कडेला दोन ठिकाणी खड्डे पडलेले, जणू कोणी उंदराने कुरतडलीय. दोन्ही बोल्टांची तोंडं काळी. तीन महिन्यांपूर्वी ही चकती नवी होती.

चकती बदलता आली असती. आर्मेचरला करंट देणारे कार्बनही अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. पण मागची टोपी काढल्याबरोबर जळालेल्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. आर्मेचर बाहेर ओढलं तर त्याच्या एका बाजूला, लांबीभर, लोखंड घासून चांदीसारखं चकाकत होतं. आर्मेचरचं टोक ज्यात फिरतं ते पुढचं पितळी बुश झिजून अंडाकृती झालं होतं, त्यामुळे आर्मेचर खाली लोंबून भोवतीच्या फील्डच्या लोखंडाला घासत फिरत होतं. तो खरखरीत आवाज याचाच. नानांनी नखाने कॉइलची इन्सुलेशन खरवडली तर ती तपकिरी भुकटी होऊन गळली.

"यामा आते जीव नही," ते म्हणाले.

मी त्यांना विचारलं, बुश तर करंटने झिजत नाही, मग ते का गेलं? त्यांचं म्हणणं असं की रिकंडिशन करणाऱ्याने बहुधा बुश बदललंच नव्हतं, कार्बन आणि रंग एवढंच नवं होतं. शिवाय जो सेल्फ एरवी दोन सेकंदांत मोकळा होतो तो रोज दहा-दहा, वीस-वीस सेकंद रगडला जात होता. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट दम द्यावा, हे मला माहीत होतं. पण माणसं खोळंबली असताना चावीवरचा हात निघत नाही. रिकंडिशन सेल्फ वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. नाना स्वतः करतात आणि ते वर्षानुवर्षं चालतात. फक्त घेताना दोन्ही बुश नवे आहेत का, हे विचारून घ्यावं आणि जमलं तर समोर उघडून बघावं.

वडिलांची आठवण इथे आल्याशिवाय राहिली नाही. आमच्या विहिरीवर डिझेलचं ऑइल इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं. वडिलांनी मला पहिल्यांदा हँडल दिलं तेव्हा आधी अंगठा कुठे ठेवायचा ते शिकवलं. चार बोटांच्याच बाजूला, हँडलला वेढा घालून नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, नाहीतर मनगट जातं. मोटारगाड्यांमध्येही असंच हँडल होतं. चार्ल्स केटरिंग यांनी केलेला विजेवरचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत बसून आला आणि तिथून हँडल मागे पडत गेलं. नानांच्या हातात ते जळकं आर्मेचर पाहताना मला वाटलं, वडिलांच्या खांद्याचं काम हे एवढंसं तांबं करत होतं, आणि आपण त्याला उपाशी ठेवून राबवलं.

नवा सेल्फ 5,600 रुपयांना पडला. जुन्यातल्या तांब्याचे नानांनी 400 वजा केले. विकत घेण्याआधी त्यांनी जुना-नवा शेजारी ठेवून तीन गोष्टी मोजायला लावल्या. बेंडिक्सचे दाते, बोल्टच्या भोकांची जागा आणि फिरायची दिशा. एकाच गाडीत वेगवेगळ्या सालात वेगळे सेल्फ येतात. एका दात्याचा फरक असला तरी तो बसेल, फिरेल आणि महिन्या-दोन महिन्यांत फ्लायव्हीलची रिंग खाऊन टाकेल.

रिंगचं निघालं तसं घरी आल्यावर तीही पाहिली. सेल्फच्या भोकातून टॉर्च मारायचा आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत जायचं. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना दाबामुळे बहुतेक वेळा त्याच दोन ठिकाणी येऊन थांबतं, म्हणून रिंगचे दाते समोरासमोरच्या त्याच दोन जागी जास्त झिजतात. माझ्या रिंगचे तिथले दाते टोकाला थोडे गोल झालेत, तुटलेले नाहीत. चालेल अजून काही वर्षं.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ मी अशा जागांना दिला ज्या पूर्वी कोणी पुसल्याही नसतील. सेल्फ जिथे इंजिनला टेकतो ती गोल जागा आधी डिझेलने धुतली, मग पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, कारण परतीचा करंट तिथूनच जाणार. नव्या सेल्फच्या तोंडावरही कारखान्याचा रंग होता, तोही खरवडला. वरचा अवघड बोल्ट आधी बोटाने चार आटे लावून घेतला, मग खालचे, मग तिन्ही आळीपाळीने आवळले. आधी खालचे घट्ट केले की वरचा आट्यात बसतच नाही, हे मला रात्री अकरा वाजता कळलं आणि सगळं पुन्हा ढिलं करावं लागलं. लाल वायरीचं नट आवळताना आतलं नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवलं. नाहीतर तो तांब्याचा बोल्ट जागेवर फिरतो आणि आतली जोडणी तुटते.

अर्थिंगसाठी तयार पट्टा न घेता नानांनी वेल्डिंगची जाड केबल कापून दिली, दोन फूट, दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून. चेसिसवरचा रंग मी लोखंड चमकेपर्यंत काढला. लगखाली दातेरी वॉशर टाकला, बोल्ट कचकचीत आवळला आणि सगळं झाल्यावर वरून ग्रीसचा जाड थर दिला. ग्रीस आधी नाही, धातूला धातू भिडल्यानंतर. बॅटरीच्या खुंट्या गरम पाण्याने धुतल्या. लाल वायर आधी, काळी शेवटी.

रात्रीचे साडेबारा झाले होते. पुतण्या मीटर धरून बॉनेटजवळ उभा, मी चावीवर. गिअर न्यूट्रल आहे ना ते दोनदा पाहिलं. चावी फिरवली आणि टक् ऐकायला कान लावेपर्यंत इंजिन सुरू झालेलं होतं. घरातून आई विचारती झाली, एवढ्या रात्री कुठे चालला? बंद करून पुन्हा मारला, पुतण्याने आकडे सांगितले. बॅटरीवर 10.7. इंजिन ते वजा खुंटी 0.1. त्याला वाटलं मीटर बिघडला. म्हणून पुन्हा मोजलं, तेवढंच.

सकाळी बागेत पोचलो तेव्हा सवयीने गाडी चालूच ठेवून उतरलो. मजुरांपैकी एक मावशी म्हणाली, भाऊ, बंद करा आता, धूर तोंडावर येतो. मी परत चढलो, चावी काढून खिशात टाकली. पहिल्यांदाच त्या कटाईत पानांचा आवाज ऐकू आला, आणि विळा दांड्यातून जातो तो ओला कच् असा आवाज.

परवा मृगाचा पहिला पाऊस झाला. रात्रभर गाडी उघड्यावर भिजली, आणि त्याआधी दोन दिवस तिच्यातून पोटॅशची तीस पोती आणली होती. सकाळी सेल्फ मारला, लगेच बॉनेट उघडलं आणि आधी एक्सलेटरच्या वायरीवर, मग खाली वाकून नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर हात ठेवला. तिन्ही जागा गार होत्या.